कॉबलर वरून खरपूस, आत कच्चा – दर वेळी हेच होत असेल तर

कॉबलर, म्हणजे फळांवर पिठाचे गोळे ठेवून भाजलेला गोड पदार्थ, ओव्हनमधून काढताना दिसायला झकास असतो. वरचे गोळे छान सोनेरी झालेले, कडेने रस खदखदतोय, दालचिनीचा वास घरभर. आणि मग चमचा घातला की कळतं, वरचं जेमतेम अर्धा सेंटीमीटर भाजलंय आणि त्याच्याखाली पांढरं चिकट पीठ तसंच बसलंय, दाताला लागतं, टाळूला चिकटतं. बरं परत ओव्हनमध्ये टाकावं तर वरचा भाग काळा पडायला लागतो आणि खालचं पीठ आपलं ढिम्म. मग पुढच्या वेळी दहा मिनिटं जास्त ठेवू असं ठरतं, ठेवतो पण, आणि पुन्हा तेच. ही तक्रार इतक्या जणांची असते आणि उत्तर म्हणून "अजून थोडा वेळ भाजा" हेच इतक्या वेळा सांगितलं जातं की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

तर मुद्दा आधी सांगते. बहुतेक वेळा दोष पिठाचा नसतो आणि वेळेचाही नसतो, दोष असतो खालच्या गार आणि पाणीदार फळांचा. गोळ्यांना वरून ओव्हनची उष्णता थेट लागते पण खालून जी मिळते ती फळांमधूनच यावी लागते, आणि फळं गार असली तर ती आधी स्वतः तापणार, मग त्यांना पाणी सुटणार, मग ते पाणी उकळायला लागणार, आणि हे सगळं होईपर्यंत वरची बाजू भाजून मोकळी झालेली असते. म्हणजे गोळ्याची खालची बाजू अर्धा तास कोमट रसात नुसती भिजत पडलेली असते. म्हणून दहा मिनिटं वाढवून काही होत नाही, तुम्ही ती दहा मिनिटं वरच्या बाजूला देताय, जिला ती नको आहेत.

खरंच कच्चं आहे का ते आधी बघा

हे गमतीशीर वाटेल पण कॉबलरमध्ये "कच्चं" म्हणून ज्याला नावं ठेवली जातात त्यातलं निम्मं कच्चं नसतंच. गोळ्याची जी बाजू रसाला टेकलेली असते ती थोडी ओलसर, मऊ राहणारच, तो कॉबलरचा स्वभाव आहे, तिथे कुरकुरीतपणा शोधू नका. फरक ओळखायचा तर मधला एक गोळा चमच्याने उचला आणि उभा मोडा. आत जाळी दिसली, तुकडे मोकळे सुटले आणि फक्त तळाचा पातळ थर रसाने रंगलेला असला तर तो शिजलाय, काहीही करू नका. पण जाळी नाही, मध्ये एक दाट पांढरा पट्टा आहे, चव पिठूळ लागतेय, बोटांना चिकटतंय, तर कच्चा. आणि तिसरा प्रकार म्हणजे शिजलाय पण घट्ट, चिवट, रबरासारखा. तो प्रश्न वेगळा आहे, त्याच्यावर खाली बोलू.

कडेचा गोळा मोडून बघू नका, कडेचे नेहमीच आधी होतात. आणि टूथपिक घालून बघायची सवय असेल तर इथे ती फसवते, कारण टूथपिक गोळ्यातून आरपार रसात जाते आणि चिकट होऊनच बाहेर येते, मग गोळा झालेला असला तरी आपण घाबरून अजून भाजत बसतो, किंवा उलटं, येताना कोरड्या पापुद्र्यात पुसली जाते आणि स्वच्छ दिसते. स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर सगळ्यात मधल्या गोळ्याच्या आत आडवं घाला, 93 ते 96 अंश सेल्सियस दाखवलं की झालं. नसेल तर गोळा मोडणे हाच उपाय, एक गोळा मोडल्याने कोणी रागवत नाही.

खरा उपाय: फळं आधी गरम करा

ह्या एका बदलाने बहुतेकांचा प्रश्न सुटतो म्हणून ह्याच्यावर जरा जास्त लिहिते. फळं, साखर, दालचिनी, कॉर्नफ्लोअर, लिंबू सगळं एकत्र करून भांड्यात घाला आणि गोळे न ठेवता नुसती फळंच 190 अंशांवर ओव्हनमध्ये ढकला. पीच किंवा बेरीसारखी मऊ फळं असतील तर 10 ते 15 मिनिटं, सफरचंद असेल तर वर फॉइल लावून 20 ते 25 मिनिटं, कारण सफरचंद हट्टी असतं, त्याला शिजायला पिठापेक्षा जास्त वेळ लागतो आणि दोन्ही एकदम ठेवले तर एक होईपर्यंत दुसरं बिघडतं. कडेने रस बुडबुडायला लागला आणि फोडींमध्ये सुरी जरा अडून का होईना जायला लागली की भांडं बाहेर काढायचं, फळं एकदा खालीवर करायची, आणि लगेच त्या गरमागरम फळांवर गोळे ठेवून परत आत.

आता होतं काय, की गोळा ठेवल्या ठेवल्या त्याची खालची बाजू उकळत्या रसाच्या आणि वाफेच्या संपर्कात येते. म्हणजे तिथलं पीठ पहिल्या मिनिटापासून शिजायला लागतं, खालून आणि वरून दोन्हीकडून एकदम, आणि दोन्ही बाजू मध्ये येऊन भेटतात. पुढचा भाजायचा वेळही त्यामुळे कमी होतो, साधारण 22 ते 30 मिनिटांत काम होतं.

ह्यावर नेहमीचा आक्षेप असा की गरम फळांवर गार पिठाचा गोळा ठेवला तर बटर लगेच वितळून जाईल की, मग फुगणार कसा? तर खालच्या बाजूचं वितळतं, वितळू दे. वरच्या भागातलं बटर तेवढ्यात वितळत नाही, अट फक्त एकच की गोळे ठेवून झाले की गप्पा न मारता भांडं आत गेलं पाहिजे. पीठ फळं आत असतानाच मळून फ्रिजमध्ये ठेवा, फार आधी नको, का ते पुढे येतंच.

ओव्हनमध्ये दोनदा ठेवायचा कंटाळा असेल तर फळं गॅसवर पसरट पॅनमध्ये करा. थोडं बटर, फोडी, साखर, मध्यम आचेवर, सफरचंदाला सात-आठ मिनिटं पुरतात, शेवटी रस घट्ट होऊन चमकायला लागतो. मला हा प्रकार जास्त आवडतो, कारण रस किती सुटलाय आणि किती घट्ट झालाय हे डोळ्यांसमोर दिसतं, ओव्हनच्या काचेतून अंदाज बांधत बसावं लागत नाही. फक्त पूर्ण शिजवू नका, नाहीतर नंतर ओव्हनमध्ये त्याचा लगदा होतो. भांड्यात ओतताना ती गरमच असू देत, गार होऊ दिलीत तर सगळी मेहनत पाण्यात.

मग पाण्याचं काय

कच्च्या पिठाचा जोडीदार म्हणजे पातळ रस. फळांवर साखर घातली की ती पाणी ओढून बाहेर काढते, अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी चांगलं तळं साचतं, आणि हे पाणी ओव्हनमध्ये सुटण्यापेक्षा आधीच सुटलेलं बरं. म्हणून रसाळ फळं असतील तर साखर लावून 30 मिनिटं ठेवा, चाळणीवर निथळा, तो रस छोट्या पातेल्यात उकळून निम्मा करा आणि परत फळांत घाला. चव एक थेंबही वाया जात नाही, उलट वाढते. सफरचंदाला ह्याची गरज फारशी पडत नाही.

फ्रोझन फळं ही वेगळी डोकेदुखी. ती तशीच गार घालून वर गोळे ठेवणं म्हणजे कच्च्या कॉबलरची हमीच, कारण भांड्याच्या तळाशी अक्षरशः बर्फ आहे. एकतर पूर्ण वितळू द्या, निथळा आणि वर सांगितल्यासारखा रस आटवा, नाहीतर फ्रोझनच पॅनमध्ये घालून उकळी येईपर्यंत गरम करा. तिसरा मार्ग नाही.

कॉर्नफ्लोअरबद्दल दोन गोष्टी, आणि ह्या महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे कॉर्नफ्लोअर नुसतं गरम झाल्याने घट्ट होत नाही, ते साधारण 95 अंशांच्या आसपास, म्हणजे रस चांगला उकळायला लागल्यावरच पूर्ण काम करतं. कडेला बुडबुडे आले आणि मध्ये शांत असेल तर मधला रस पातळच राहणार आणि वर पांढुरकी, खडूसारखी चवही लागणार. बुडबुडे मध्यापर्यंत आले पाहिजेत आणि ते जड, सावकाश फुटणारे असले पाहिजेत, पाण्यासारखे भराभर फुटणारे बुडबुडे दिसले तर अजून झालं नाही. दुसरं म्हणजे प्रमाण. सोललेल्या 900 ग्रॅम ते 1 किलो फळांना सफरचंद असेल तर दीड टेबलस्पून, पीच असेल तर दोन, बेरी असतील तर तीनपर्यंत. ते आधी साखरेत कोरडंच मिसळून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कॉर्नफ्लोअरऐवजी मैदा वापरणार असाल तर दुप्पट लागतो आणि रस चकचकीत न दिसता थोडा गढूळ दिसतो, चालतं. आणि हो, पांढरं, हाताला कुरकुर लागणारं कॉर्नफ्लोअर वेगळं आणि पिवळं मक्याचं पीठ वेगळं, डबे शेजारी असले की गोंधळ होतो आणि मग रस घट्ट का झाला नाही म्हणून डोकं खाजवत बसायची वेळ येते.

लिंबाचा रस चवीला हवाच पण एक टेबलस्पूनवर जाऊ नका, आंबटपणा जास्त झाला आणि वर बराच वेळ उकळलं की कॉर्नफ्लोअरचा घट्टपणा उतरतो. आंबट फळं असतील तर लिंबू कमी करा.

आणि एवढं सगळं करूनही रस पातळ दिसला तर आधी थांबा. ओव्हनमधून काढल्या काढल्या रस नेहमीच पातळ असतो, तो गार होता होता आळतो, 20 ते 30 मिनिटं भांड्याला हात लावू नका. गरम कॉबलर खायचा म्हणजे उकळता खायचा असं नाही, अर्ध्या तासाने पण तो मस्त गरम असतो.

आता पीठ

पिठाचा दोष नसतो असं वर म्हटलं तरी पिठाकडून काही चुका होतात त्या फळं गरम करूनही सुटत नाहीत. सगळ्यात मोठी म्हणजे गोळ्यांनी अख्खं भांडं झाकून टाकणं. दिसायला छान दिसतं, एकसलग सोनेरी, पण वाफेला बाहेर पडायला वाटच नाही, ती खालच्या बाजूला अडकून पीठ ओलं करत राहते, आणि रसही आटत नाही. गोळ्यांमध्ये बोटभर जागा सोडा, भाजताना ते पसरतात आणि जवळजवळ चिकटतात, काळजी नको. गोळा टेबल टेनिसच्या चेंडूपेक्षा मोठा नको आणि वरून जरासा दाबून दीड ते दोन सेंटीमीटर जाडीचा करा. डोंगर केलात तर शेंडा जळणार आणि पोट कच्चं राहणार, ह्याला कुठलाही ओव्हन काही करू शकत नाही.

प्रमाण म्हणाल तर 20 सेंटीमीटरच्या चौकोनी भांड्याला 180 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम साखर, दोन टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून मीठ, 85 ग्रॅम गार बटर आणि साधारण 120 मिली गार दूध. दुधाच्या जागी दही थोडं दूध घालून सैल करून घेतलं तर पाव टीस्पून बेकिंग सोडा घाला आणि बेकिंग पावडर दीड टीस्पूनवर आणा, गोळे जास्त हलके होतात. मैदा वजन करूनच घ्या. कप डब्यात बुडवून दाबून भरला की 120 ग्रॅमचा कप सहज 150 पर्यंत जातो आणि मग पीठ कोरडं वाटतं म्हणून आपण दूध ओततो, आणि तिथून सगळं बिनसतं.

बटर मैद्यात चोळताना वाटाण्याएवढे तुकडे शिल्लक राहू द्या. दूध घातल्यावर काट्याने आठ-दहा वेळा फिरवा आणि सोडून द्या, कुठेतरी कोरडं पीठ दिसतंय, कुठे ओले गोळे दिसतायत, असू दे. गुळगुळीत होईपर्यंत मळलं तर मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे चिवटपणा आणणारं प्रथिन, ताणतं आणि तो वर सांगितलेला रबरासारखा गोळा होतो. हा रबरीपणा लोक कच्चेपणा समजतात आणि अजून भाजतात, मग तो रबरी अधिक कोरडा होतो, दुहेरी नुकसान.

बेकिंग पावडर ओली झाली की लगेच गॅस सोडायला लागते आणि मग ओव्हनच्या उष्णतेने परत एकदा सोडते. म्हणून पीठ मळून तासभर ओट्यावर ठेवलं तर पहिला गॅस गेला. फळं ओव्हनमध्ये असताना मळा, 10-15 मिनिटं फ्रिजमध्ये चालेल. डबा उघडून सहा महिने झाले असतील तर अर्धा कप गरम पाण्यात एक टीस्पून टाकून बघा, जोरात फसफसली तर ठीक, नुसती दोन-चार बुडबुड्यांवर भागवलं तर फेकून द्या. मेलेल्या पावडरीचा गोळा फुगत नाही, दाट राहतो आणि दाट गोळ्याच्या आत उष्णता उशिरा पोचते, म्हणजे परत कच्चा.

ओव्हन

ओटीजी असेल तर आधी बघा की फक्त वरचा रॉड तर चालू नाही ना. हसू नका, नॉब एक घर चुकीकडे राहिला म्हणून वरून करपलेले आणि खालून गार असलेले कॉबलर भरपूर निघतात. वरचा आणि खालचा दोन्ही रॉड हवेत, आणि भांडं मध्ये न ठेवता खालच्या एक तृतीयांश भागात ठेवा, कारण लहान ओव्हनमध्ये मधली जाळी पण वरच्या रॉडच्या फार जवळ असते. प्रीहीट निदान 15 मिनिटं. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नसतं, हवा तापलेली असते, भिंती नाही, दार उघडलं की ती सगळी हवा बाहेर. वीस-पंचवीस अंशांची तफावत घरगुती ओव्हनमध्ये अगदी नेहमीची आहे, आत ठेवायचं साधं ओव्हन थर्मामीटर आणलं तर तुमच्या ओव्हनचं 190 म्हणजे नक्की किती हे एकदाचं कळेल. पंखा असलेला मोड वापरत असाल तर तापमान 15-20 अंशांनी खाली आणा, नाहीतर वरची बाजू भराभर रंग धरते. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडवर करणार असाल तर भांडं छोट्या स्टँडवर ठेवा, उंच स्टँड नको, आणि त्यात खालून उष्णता कमी मिळते म्हणून फळं गॅसवर गरम करून घालणं तिथे ऐच्छिक नाहीच, करावंच लागतं.

भांडं पसरट हवं. फळांचा थर चार-पाच सेंटीमीटरच्या वर गेला की मधला भाग उकळायला फार वेळ घेतो, त्यापेक्षा दोन लहान भांड्यांत करा. पातळ धातूचं भांडं लवकर तापतं, काच आणि सिरॅमिक हळू तापतात पण नंतर उष्णता धरून ठेवतात. काचेच्या भांड्यात करायला हरकत नाही, पाच-सात मिनिटं जास्त धरा, फक्त फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं. आंबट फळं असतील तर कोटिंग नसलेलं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं टाळा, रसाला धातूची चव येते. खाली एक ट्रे ठेवा, रस उतू जाणारच आहे आणि ओव्हनच्या तळाशी जळलेली साखर खरवडणं हे काम कोणावर येऊ नये.

वरची बाजू लवकर रंगायला लागली तर फॉइल सैलसर टेकवा, कडा बंद करू नका, नाहीतर परत वाफ अडकली.

दालचिनीच्या तक्रारी

दालचिनीचा कच्चेपणाशी थेट संबंध नाही पण ह्याच लोकांची दुसरी तक्रार असते की कडवट लागतं, किंवा रस बुळबुळीत झालाय. दालचिनीची पूड पाणी शोषून फुगते आणि बुळबुळीत होते, जास्त झाली तर रसात तार धरल्यासारखं दिसतं. एक किलो फळांना एक ते सव्वा टीस्पून पुरे आहे, वास कमी वाटला म्हणून अजून घालण्यापेक्षा पूड जुनी झालीय का ते बघा, चिमूटभर तळहातावर चोळून नाकाशी न्या, लगेच वास आला पाहिजे. बाजारात दोन प्रकार मिळतात, जाड सालीची तिखट कॅशिया आणि पातळ, पापुद्र्यांची सौम्य सिलोन. कॅशियाचं प्रमाण जपून धरा, सिलोन थोडी जास्त चालते, पण ओव्हनमध्ये टिकून राहणारा दणदणीत वास कॅशियाचाच.

कडवटपणा बहुतेक वेळा येतो तो गोळ्यांवर भुरभुरलेल्या दालचिनी-साखरेमुळे. वरच्या रॉडखाली ती अर्धा तास राहिली की करपते. वरची साखर शेवटची 10 मिनिटं राहिली की घाला, किंवा दालचिनी पिठातच मिसळा आणि वर नुसती साखर. दालचिनीचा वास बटरमध्ये छान उतरतो, म्हणून पॅनमध्ये फळं करत असाल तर बटर वितळल्यावर आधी दालचिनी घालून काही सेकंदच परता, मग फोडी. कमी पूड वापरून जास्त वास. जायफळ, सुंठ, वेलची ह्यांतलं एखादं चिमूटभर, सगळं एकदम नको.

पातळ बॅटरचा कॉबलर करत असाल तर

त्यात वितळलेलं बटर भांड्यात, त्यावर पातळ बॅटर (सरसरीत भिजवलेलं पीठ), त्यावर फळं, आणि भाजताना बॅटर फुगून फळांच्या वर येतं. इथे कच्चं राहिलं तर कारणं थोडी वेगळी. बॅटर ओतल्यावर ढवळायचं नाही, बटर आणि बॅटर वेगळेच राहिले पाहिजेत, तेच कडा कुरकुरीत करतं. फळं जास्त झाली की बॅटर त्यांच्या ओझ्याखालून वर येऊच शकत नाही आणि मध्ये चिकट तळं राहतं, एक कप मैद्याच्या बॅटरला दोन-अडीच कप फळं बास. इथे फळं रसासकट ओतू नका, झाऱ्याने उचलून पसरा आणि आटवलेला रस खाताना वरून घ्या. भांडं बटरसकट ओव्हनमध्ये पाच मिनिटं तापवा आणि गरम भांड्यातच बॅटर ओता, तत्त्व तेच, खालून उष्णता पहिल्या मिनिटापासून मिळाली पाहिजे. 180 अंशांवर 45 ते 55 मिनिटं लागतात, मध्यभाग हलवल्यावर डुचमळला नाही की झालं.

आत्ता समोर कच्चा कॉबलर आहे, त्याचं काय करू

पाहुणे बसलेत आणि गोळा मोडल्यावर पांढरा पट्टा दिसला, तर वर फॉइल टाका, ओव्हन 165-170 वर आणा, भांडं सगळ्यात खालच्या जाळीवर आणि ओटीजी असेल तर फक्त खालचा रॉड, 15-20 मिनिटं. थोडासाच कच्चा असेल तर एवढ्याने होतं.

बराच कच्चा असेल तर ह्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे गोळे पसरट चमच्याने अलगद उचलून बटर पेपर घातलेल्या ट्रेवर उलटे ठेवा, ओली बाजू वर, आणि 180 वर आठ-दहा मिनिटं भाजा. तेवढ्यात खालची फळं पातेल्यात काढून गॅसवर चांगली उकळा, रस तरीही पातळ असेल तर एक टीस्पून कॉर्नफ्लोअर दोन टीस्पून गार पाण्यात कालवून घाला आणि मिनिटभर उकळू द्या. मग फळं परत भांड्यात आणि गोळे सुलटे करून वर. थोडे वेडेवाकडे दिसतील, त्यावर आइस्क्रीमचा गोळा ठेवला की कोणाला कळत नाही.

उरलेला कॉबलर गरम असताना झाकू नका, झाकणाचं पाणी गोळ्यांवर पडतं. पूर्ण गार झाला की सैल झाकून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. परत गरम करताना ओव्हनमध्ये 170 वर 15 मिनिटं, आधी फॉइल लावून आणि शेवटची पाच मिनिटं उघडा. मायक्रोवेव्हमध्ये गरम होतो पण गोळे लिबलिबीत होतात, फारच घाई असेल तर फळं मायक्रोवेव्हमध्ये आणि गोळा तव्यावर किंवा टोस्टरमध्ये असं वेगवेगळं करा.

कोणी अजूनही अडकलं असेल तर विचारताना चार गोष्टी सांगा: फळ कुठलं आणि ताजं की फ्रोझन, भांडं कशाचं आणि किती खोल, ओव्हन कुठला आणि कुठल्या मोडवर, आणि गोळे ठेवले तेव्हा फळं गरम होती का. "रेसिपीप्रमाणेच केलं होतं" एवढ्यावरून काही सांगता येत नाही.